दोन वर्षांची मुदत

न्यू जर्सीतील एडिसन येथून एका आईने माझ्याकडे ऑनलाइन समुपदेशनासाठी वेळ घेतली, तेव्हा अर्जातील अडचणीच्या रकान्यात तिने एकच ओळ लिहिली होती : "मुलगा संगीताच्या नादात वाया जाईल का?" पुण्यातले पालकही मला हाच प्रश्न विचारतात, फक्त संगीताच्या जागी कधी नाटक असते, कधी चित्रकला. म्हणून तिच्या व मुलाच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, हा अनुभव लिहीत आहे.

मुलगा २३ वर्षांचा, तिकडेच जन्मलेला आणि संगणकशास्त्राचा पदवीधर होता. त्याला संगीतरचनाकार व्हायचे होते. वडिलांनी तोडगा काढला होता की दोन वर्षे सगळा खर्च आम्ही करू, तेवढ्यात जम बसला तर ठीक, नाहीतर मुकाट्याने नोकरी धरायची. आईला हा तोडगा समंजसपणाचा वाटत होता. मात्र सात महिने उलटले तरी मुलाची एकही रचना पूर्ण झाली नव्हती आणि तो खोलीबाहेर पडेनासा झाला होता. "मॅडम, आळशीपणाच म्हणायचा ना हा?" असे तिने विचारले.

मुलाशी स्वतंत्र बोलल्यावर चित्र वेगळे दिसले. प्रत्येक रचना सुरू करताना मुदतीतले किती दिवस उरले हे तो मोजत होता, आणि जी रचना आईवडिलांचे पैसे सार्थकी लावणार नाही असे वाटे, ती चौथ्या-पाचव्या ओळीतच टाकून देत होता. वडिलांपुढे तो प्रसिद्ध अमेरिकन संगीतरचनाकार फिलिप ग्लास यांचे उदाहरण देत असे, वडील म्हणत, "तो ग्लास आहे, तू कोण?" दोघेही ग्लास यांच्या फक्त कीर्तीविषयी बोलत होते. पुढच्या सत्रात मी तिघांना एकत्र बसवून ती कीर्ती येण्यापूर्वीची वर्षे मोजायला सांगितली.

ग्लास यांचा जन्म १९३७ सालचा, बाल्टिमोरचा. वडिलांचे रेडिओदुरुस्तीचे आणि ध्वनिमुद्रिकांचे दुकान होते, आणि ज्या ध्वनिमुद्रिका खपत नसत त्या ते घरी आणून ऐकत, कारण गिऱ्हाइकाला काय आवडत नाही हे त्यांना समजून घ्यायचे होते. मुलगा पंधराव्या वर्षी शिकागो विद्यापीठात गेला, एकोणिसाव्या वर्षी पदवीधर झाला आणि संगीत शिकायला न्यूयॉर्कला जातो म्हणाला. तेव्हा आईने बजावले की असे केलेस तर हेन्रीकाकांसारखा गावोगाव फिरत हॉटेलांत आयुष्य काढशील. (हे ऐकून एडिसनची आई प्रथमच हसली; त्यांच्या घरातही तबला वाजवणारे असे एक काका होते.) ग्लास यांनी वाद घातला नाही. त्यांनी बाल्टिमोरजवळच्या पोलाद कारखान्यात काही महिने काम करून पैसे जमवले आणि १९५७ साली न्यूयॉर्कची ज्युलियार्ड ही संगीतशिक्षण संस्था गाठली. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी नामवंत संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे शिक्षण घेतले, तिथेच रविशंकरांच्या रचना पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवण्याचे काम केले, आणि न्यूयॉर्कला परतल्यावर लोकांचे सामान हलवणे, नळजोडणी व टॅक्सी यांवर घर चालवले. नोव्हेंबर १९७६ मध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये त्यांच्या 'आइनस्टाइन ऑन द बीच' या ऑपेराचे दोन्ही प्रयोग हाउसफुल्ल झाले, पण निर्मितीने डोक्यावर कर्ज ठेवले आणि संगीतकार पुन्हा टॅक्सी चालवू लागले. टॅक्सी कायमची सुटली १९७८ मध्ये, वयाच्या ४१व्या वर्षी, जेव्हा नेदरलँड्समधून गांधीजींवरील 'सत्याग्रह' या ऑपेराचे काम मिळाले; त्याची संहिता भगवद्गीतेतील संस्कृत श्लोकांची आहे.

वडिलांनी १९७८ मधून १९५७ वजा केले आणि म्हणाले, "एकवीस वर्षे? एवढे आम्ही पोसायचे?" मी म्हटले, त्यांनाही कोणी पोसले नव्हते, आणि कोणी मुदतही घातली नव्हती.

मला इथे एक खबरदारी घ्यावीशी वाटते. ग्लास यांच्यासारखीच टॅक्सी चालवणाऱ्या आणि कधीच नाव न झालेल्या संगीतकारांची चरित्रे आपल्या हाती येत नाहीत, म्हणून "तुमचा मुलगाही ४१व्या वर्षी मोठा होईल" असे आश्वासन कोणत्याही समुपदेशकाने देऊ नये. मी ते दिले नाही. चरित्रातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच होती की यश मिळत नव्हते त्या काळात भाडे कुठून येत होते, आणि ते काम करायची लाज वाटत होती की नाही.

लाजेचा शब्द आला तेव्हा आई गप्प झाली. मग हळूच म्हणाली की मंडळातल्या मैत्रिणींना काय सांगायचे, ही तिची खरी अडचण होती. मी तिला अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांच्याविषयी थोडक्यात सांगितले. घटस्फोटानंतर दोन लहान मुलांना घेऊन त्या सिरॅक्यूसला पाठ्यपुस्तकांच्या संपादनाची नोकरी करत, मुले उठण्यापूर्वी पहाटे लिहीत, आणि पहिली कादंबरी १९७० मध्ये आली तेव्हा त्या ३९ वर्षांच्या होत्या. त्यानंतरही, १९८३ पर्यंत, त्यांनी संपादकाची नोकरी सोडली नाही.

पुढच्या तीन सत्रांत आम्ही प्रतिभेविषयी जवळजवळ बोललो नाही. आठवड्याला किती तास मोकळे हवेत, भाडे वाटून घेतल्यास किती पडेल, अमेरिकेतील नियमानुसार साधारणपणे २६व्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या आरोग्यविम्यात राहता येते तर त्यानंतर काय, अशा रुक्ष प्रश्नांवर वेळ गेला. वडिलांनी दोन वर्षांची मुदत मागे घेतली. त्याऐवजी मुलाने सहा महिन्यांत स्वतःचे भाडे स्वतः भरावे अशी अट घातली, आणि मुलाला ही अट आधीच्या सवलतीपेक्षा हलकी वाटली. तो आता आठवड्यातले तीन दिवस एका पियानो दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली काम करतो. मार्चमध्ये त्याची चार मिनिटांची एक रचना पूर्ण झाली. ती वडिलांना आवडली नाही, आणि तसे त्यांनी सांगितलेही.

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात कोणीतरी विचारलेच, मुलगा काय करतो. "पियानो दुरुस्त करतो आणि गाणी रचतो," असे आईने सांगितले. विचारणाऱ्या बाईंनी लगेच त्याचा फोन नंबर मागितला. त्यांच्या घरी सुरातून उतरलेला एक पियानो होता.