मोबाइलवरचा गेम लगेच चालतो, मग ॲनिमेशन चित्रपटाच्या एकेका चित्राला संगणक तासन्‌तास का घेतो?

कारण चित्रपटात उजेडाचा प्रवास जवळजवळ खराखुरा मोजतात.

आमच्या यवतमाळकडे वेचलेला कापूस घरातच ठेवतात. दुपारी दारातून ऊन त्या ढिगावर पडलं की मागचा अंधारा कोपराही उजळतो. तिथं ऊन पोचतच नाही, पोचतो तो कापसावरून परतलेला उजेड. किती सुंदर दिसतं ते! संगणकाला नेमकं हेच मोजायचं असतं. त्यासाठीच्या पाथ ट्रेसिंग या पद्धतीत कॅमेऱ्यातून उलटे किरण सोडतात आणि ते वस्तूंवर आपटत दिव्यापर्यंत कसे जातात ते पाहतात. चित्राच्या एकेका ठिपक्यासाठी शेकडो किरण लागू शकतात. कमी सोडले तर चित्र रवाळ दिसतं.

यामागचं समीकरण संगणकशास्त्रज्ञ जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये मांडलं, पण तेव्हाच्या संगणकांना एवढं गणित झेपणारं नव्हतं. १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’त असा परतीचा उजेड जादा दिवे लावून भासवला होता.

शिवाय चित्रपटात सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे दीड तासाला १,२९,६०० चित्रं. गेमला एका चित्रासाठी सेकंदाचा साठावा भागही जेमतेम मिळतो, म्हणून तिथं बराचसा उजेड आधीच मोजून ठेवतात.

ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यातल्या सायकल्स या पाथ ट्रेसिंग करणाऱ्या भागात लाल भिंतीशेजारी पांढरा ठोकळा ठेवून पाहा, ठोकळ्यावर लाली उतरलेली दिसेल.