खाजकुयली, रील आणि महिनाभराची सुट्टी

या महिन्यात शाळेतल्या शिक्षांवर इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकलले. चार पत्रं घेतलीत, नावं-गावं काढून, आणि लांबलेली जरा कापून.

प्रश्न : ताई नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे, तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा. दिवाळी सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात ह्याने आणि अजून दोघांनी मिळून गणिताच्या सरांच्या खुर्चीवर खाजकुयली टाकली, शेंगा बांधावरून आणलेल्या. सर बसले आणि मग जे व्हायचं ते झालं, पोरं हसली, चौथ्या एकाने मोबाईलवर शूट करून रील टाकलं ते गावभर फिरलं. आता शाळेने तिघांना महिनाभर घरी बसवलंय. परिपाठाला सगळ्या शाळेसमोर माफी मागायला लावली. वर प्रत्येकी 10 हजार शाळेच्या निधीला द्या नाहीतर दाखला घेऊन जा म्हणतात. आख्ख्या नववीचं स्नेहसंमेलन बंद. रीलवाल्या पोराला मात्र काही नाही, त्याचे काका संस्थेत आहेत. चूक झाली मान्य, पण साधी मस्करी होती हो, आमच्या वेळी आम्ही पण केल्यात. एवढ्याशा गोष्टीला एवढी शिक्षा?
– एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर : दादा, शिक्षा जास्तच झालीय, त्यावर येते. पण आधी ते "साधी मस्करी" काढून टाका. खाजकुयलीची कुसं कातडीत रुततात, माणूस चोळतो आणि जितकं चोळेल तितकी ती पसरतात, खरं तर चोळायच्या आधी चिकटपट्टीने काढून घ्यायची असतात, पण भर वर्गात हे कुणाला सुचणार. त्याच हाताने सरांनी डोळा चोळला असता तर तुम्ही आत्ता मला नाही, वकिलाला पत्र लिहीत असता. आणि तुमच्या वेळी मोबाईल नव्हता. तेव्हा मास्तरांची फजिती त्या चार भिंतीत राहायची, शनिवारपर्यंत सगळे विसरायचे.

आता शाळेचं बघू. त्यांनी जे काही ठरवलंय ते सगळं एका ताटात वाढलंय आणि त्यात सरांचं नुकसान किती, हे कुठेच दिसत नाही. सरांचा दवाखान्याचा खर्च किती झाला विचारलं का कुणी? 10 हजार जाणार शाळेच्या निधीला, खाज सुटली सरांना! म्हणजे ही रक्कम कशावरून काढली, तर गावात शाळेचं हसं झालं त्यावरून. मी बरीच वर्षं मुख्याध्यापिका होते, स्टाफरूममधलं हे गणित चांगलं ओळखते. पोराने काय मोडलं यापेक्षा आपली लाज किती गेली यावर शिक्षेचा आकडा ठरतो. एखाद्याने बाक मोडला तर चार दिवस, आणि तोच बाक शिक्षणाधिकारी भेटीला आलेले असताना मोडला तर महिना. बाक तोच आहे ना?

तर नुकसानीपासून मोजायला लागा. एक, सरांच्या अंगाला त्रास झाला. दोन, कपडे आणि दवाखाना. तीन, तो तास बुडाला. चार, रील. पहिल्या तिन्हीला तुमचा मुलगा आणि दोघे मित्र जबाबदार आहेत, त्यातही शेंगा आणणारा कोण, टाकणारा कोण आणि दारात उभं राहून नजर ठेवणारा कोण हे विचारलं पाहिजे, शाळेने तिघांना एकाच मापाने मोजलेलं दिसतंय. रीलचं काय करायचं? माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात जड गोष्ट तीच आहे. खाज संध्याकाळपर्यंत जाते, पण सरांना अजून दोन वर्षं बाजारात भाजी घेताना कुणीतरी ते रील दाखवणार. त्या पोराला मोकळं सोडलं तिथेच शिक्षा अन्यायाची झाली, बाकी दिवस कमी-जास्त हा पुढचा वाद. बाकीची पोरं हे सगळं बघत असतात हो. काका संस्थेत असले की चालतं, एवढंच नववीचा वर्ग यातून शिकला.

आणि वर्गाचं स्नेहसंमेलन बंद! गंमत म्हणजे 1 ऑगस्टला याच शाळेत दरवर्षी टिळकांच्या शेंगांची गोष्ट होत असणार, मी शेंगा खाल्ल्या नाहीत मी टरफलं उचलणार नाही. गोष्ट खरी किती दंतकथा किती ते सोडा, भाषण करणाऱ्या पोराला टाळ्या वाजवायच्या आणि नोव्हेंबरमध्ये आख्ख्या वर्गाला टरफलं उचलायला लावायची. ज्या मुलींनी महिनाभर डान्स बसवला त्यांनी काय केलं होतं? सामुदायिक शिक्षा शाळेला सोयीची वाटते कारण चौकशी करावी लागत नाही, पोरंच आतल्या आत दोषी शोधून त्याला धरतात. पुढच्या वेळी कुणाला काही दिसलं तरी तो सांगणार नाही, हे वेगळंच.

महिनाभर घरी बसवणं ही नववीच्या पोराला शिक्षा आहे की बक्षीस हे तुम्ही घरी बघतच असाल. किती वाजता उठतो? दोन-तीन दिवस समजू शकते, प्रकरण थंड होईपर्यंत, सरांना पण त्याचं तोंड बघायला नको असेल. महिन्यात बीजगणिताचे दोन धडे जातात, आणि पोरगं आधीच गणितात कच्चं असणार असा माझा अंदाज आहे, नाहीतर गणिताच्याच सरांची खुर्ची का निवडली असती. हे त्याला विचारा बरं का. सरांनी काही लागेल असं बोलले होते का, घरावरून, कपड्यांवरून, ढ वगैरे. तसं असेल तर खाजकुयली माफ होत नाही, पण ते मुख्याध्यापकांना कळलं पाहिजे.

परिपाठातली माफी झालीच आहे म्हणता. आठशे पोरांसमोर उभं केलेलं पोरगं एकतर हिरो होतं नाहीतर मेल्याहून मेलं होतं, सरांकडे माफी मागितल्यासारखं त्यात काहीच नसतं. तुम्ही त्याला घेऊन सरांच्या घरी जा. बाकी दोघांच्या वडिलांना पण म्हणा. दवाखान्याचं बिल आणि पॅन्ट-शर्ट यांचे पैसे तिघांत वाटून द्या, मुलाच्या वाट्याचे त्याला कुठूनतरी कमवायला लावा, सुट्टीत घरच्या कामाचे, काहीही. सर आत घेतील न घेतील, त्यांचा हक्क आहे.

आणि शाळेला लेखी अर्ज द्या. किती दिवस, कुणी ठरवलं, मुलाचं म्हणणं ऐकलं का, 10 हजार कुठल्या नियमाने, एवढे चार प्रश्न. तोंडी "दाखला घेऊन जा" म्हणणारे बरेच जण लेखी मागितलं की थांबतात. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला, त्यात पहिली ते आठवीच्या पोराला शाळेतून काढता येत नाही असं स्पष्ट आहे. तुमचा नववीत, त्यामुळे ते कलम तुम्हाला थेट लागू नाही, उगाच ते नाचवत जाऊ नका, पण झेडपीत माध्यमिकचे शिक्षणाधिकारी असतात त्यांच्याकडे अर्जाची प्रत देता येते. तिथे जायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका, पोराला अजून दीड वर्ष त्याच सरांकडून गणित शिकायचंय.

प्रश्न : मॅडम, मी दोन वर्षांपूर्वी शिक्षिका झाले, नाशिकजवळ खाजगी शाळा, सहावी-सातवी. वर्गात 60 च्या वर मुलं. हात लावायचा नाही, ओरडायचं नाही, बाहेर उभं करायचं नाही, घरी बोलावलं तर पालकच भांडतात. मग करायचं तरी काय? सीनियर मॅडम म्हणतात उठाबशा चालतात, तो व्यायाम आहे.
– एक शिक्षिका

उत्तर : उठाबशा चालत नाहीत. 2025 च्या नोव्हेंबरमधली वसईची बातमी तुम्ही वाचली असेल, सहावीतल्या मुलीला उशिरा आली म्हणून दप्तर पाठीवर ठेवून 100 उठाबशा काढायला लावल्या असा आरोप झाला, आणि आठवड्याभरात ती मुलगी गेली. कुठल्या पोराचं रक्त कमी आहे, कुणाला दम लागतो, कोण सकाळी काही न खाता आलंय हे तुम्हाला माहीत नसतं, मला पण नसायचं. अंगठे धरणं, कोंबडा करणं, बाकावर उभं करणं, डोक्यावर हात ठेवून उन्हात उभं करणं, पट्टी नाही ना मारली मग झालं अशी समजूत आहे आपल्याकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळ पण आहे. चौदाच्या पुढची पोरं सुटली असंही नाही, बाल न्याय कायदा 2015 चं कलम 75 अठरापर्यंतच्या प्रत्येकाला लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्यात.

पण तुमचा प्रश्न कायद्याचा नाहीये. साठ पोरं शांत कशी बसवायची हा आहे, आणि त्याला जादू नाही, साठ ही संख्याच चूक आहे. तरी मला जे जमलेलं दिसलं ते सांगते. शिक्षा छोटी ठेवा, पण चुकवू नका. सात वेळा "आता बघच हं" म्हणायचं आणि आठव्यांदा स्फोट, यात पोरांना हेच कळतं की सात वेळा फुकट असतात. मधल्या सुट्टीतली पाच मिनिटं तुमच्याबरोबर वर्गात, पहिल्याच वेळेला, चेहऱ्यावर राग नाही काही नाही. पाच मिनिटांनी सहावीच्या पोराला किती फरक पडतो बघा, बाहेर क्रिकेटची टीम पडत असते.

जे बिघडवलं ते नीट करायला लावा. बाकावर कंपासने नाव कोरलं तर शिपाईकाकांबरोबर बसून पॉलिश पेपरने घासायचं. भिंतीवर शाई उडवली तर पुसायची. इथे एक काळजी घ्या, गृहपाठ नाही केला म्हणून संडास धुवायला लावणं वेगळं. स्वतः केलेली घाण स्वतः काढणं ठीक, पण सफाई हीच शिक्षा म्हणून दिली की जे माणूस रोज ती सफाई करतं त्याच्याबद्दल तुम्ही साठ पोरांना काय सांगितलंत? आणि बघा, अशी कामं नेहमी त्याच चार-पाच पोरांच्या वाट्याला येतात, ती कुठल्या वस्तीतली असतात ते पण बघा.

शंभर वेळा लिहून आणायला लावू नका. पीटीचा तास काढून घेऊ नका, ज्याच्या अंगात किडे वळवळतायत त्याचंच पळणं बंद केलं तर पुढच्या तासाला ते तुमच्याच अंगावर येणार. तोंडीचे मार्क कापून वर्तन सुधारायला तर अजिबात जाऊ नका, मार्क विषयाचे असतात. आणि वय बघा हो. पहिलीतल्याने खडू खाल्ला आणि सातवीतल्याने दुसऱ्याच्या डब्यात खडू कुटून टाकला, दोन्ही खडूच, पण आपला फौजदारी कायदा सुद्धा सात वर्षांखालच्याने केलेलं काही गुन्हा धरत नाही आणि सात ते बारापर्यंत समज किती आहे ते बघतो, मग शाळेने एवढं तरी बघावं.

पालक भांडतात कारण त्यांना शाळेचा फोन फक्त तक्रारीलाच येतो. एखाद्या शुक्रवारी त्या आगाऊ पोराच्या आईला उगाच फोन करून सांगा की आज याने नवीन मुलीला जागा करून दिली. फोन उचलताना तिचा आवाज कसा असतो आणि ठेवताना कसा असतो, ऐकाच.

प्रश्न : आम्ही पट्ट्या खाल्ल्या, छड्या खाल्ल्या, म्हणून घडलो. हल्लीच्या या लाडाने पिढी बिघडली. आपले मत?
– एक निवृत्त अधिकारी, पुणे

उत्तर : काका, तुमच्या चौथीच्या वर्गात किती जण होते आणि मॅट्रिकला किती पोचले, एकदा आठवून कागदावर लिहून बघा. जे मधेच शाळा सोडून शेतावर, हॉटेलात गेले त्यातले काही गरिबीने गेले आणि काही त्या छडीने गेले, त्यांचं पत्र मला येत नाही, तुमचं येतं. तुम्ही घडलात ते तुम्हाला इंग्रजी गोडीने शिकवणारे कुणीतरी मास्तर असतील त्यांच्यामुळे, असं आपलं मला वाटतं.

प्रश्न : ताई, मुलगी चौथीत आहे. बाई बाहेर गेल्या की मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो, ज्याचं नाव त्याला खेळायला सोडत नाहीत. माझ्या मुलीचं नाव रोज असतं. परवा कळलं की मॉनिटरला चॉकलेट दिलं की नाव पुसतो! आता ती रोज चॉकलेट मागते. काय करू?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : चॉकलेट बंद करा आधी, रेट वाढेल.

मला त्या मॉनिटरचं पण वाईट वाटतं, नऊ वर्षांच्या पोराला पोलीस, साक्षीदार आणि कारकून असं तिन्ही केलंय. बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी न बघितलेल्या गोष्टीला शिक्षा द्यायचीच कशाला? आणि वर्ग रिकामा सोडला तर चौथीची पोरं बोलणारच, नाही बोलली तर मी डॉक्टरला बोलावेन. तुम्ही बाईंना भेटा, पण मॉनिटरची चुगली करायला जाऊ नका, तो मार खाईल आणि दुसरा मॉनिटर येईल. त्यांना म्हणा की बाहेर जाताना पाच मिनिटांचं काहीतरी काम फळ्यावर देऊन जा, चित्र काढा, पाढा उलटा लिहा, आणि परत आल्यावर काम बघा, नावं नका बघू. ऐकलं नाही तर पुढच्या शिक्षक-पालक सभेत विषय काढा, चॉकलेट देणारी तुमची एकटी नसणार, दोन-तीन आया हळूच माना डोलावतील.

आणि मुलीला विचारा ती एवढं बोलते कुणाशी. बाजूचीचं नाव फळ्यावर येत नसेल तर चॉकलेट तिकडून पण जातंय.