मुलाला सारखे टॉन्सिल्स होतात, ऑपरेशन करून टाकावं का?

सहा वर्षांच्या मुलाला चार महिन्यांत तिसऱ्यांदा टॉन्सिल्स झालेत, ऑपरेशन करावं का, असं विचारलंय तुम्ही. मी डॉक्टर नाही, नेरुळला राहणारी दोन मुलांची आई आहे. पण यातून दोनदा गेलेय.

थोरलीच्या वेळी सासूबाईंचं एकच, "काढून टाका एकदाचे." घशाच्या डॉक्टरांनी मात्र विचारलं, वर्षात किती वेळा होतं? म्हटलं, सारखंच. "सारखंच म्हणजे किती?" मला सांगता येईना. मग त्यांनी हिशेब सांगितला: एका वर्षात 7 वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी 5, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी 3 वेळा झालं तर ऑपरेशनचा विचार. तेही नुसती खवखव धरायची नाही. ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेत दुखऱ्या गाठी असं काहीतरी हवं. तेव्हापासून कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहू लागले: तारीख, ताप किती, खोकला होता का. वर्षाचे चारच भरले. ऑपरेशन टळलं.

खोकल्याची नोंद अशासाठी, की सर्दी-खोकला असेल, आवाज बसला असेल तर दुखणं बहुधा व्हायरल असतं. त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, कोमट पाणी, आराम, आठवड्याभरात उतरतं. खोकला नाही, पण ताप अचानक चढला आणि गाठी आल्या, तर स्ट्रेप्टोकॉकस या जंतूची शंका घेतात. नुसता टॉर्च मारून ते पक्कं कळत नाही, घशाचा स्वॅब लागतो. जंतू निघाला तर पेनिसिलिन गटातलं औषध, बहुतेकदा 10 दिवस. मी तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून बाटली फ्रीजमध्ये ठेवून दिली होती. डॉक्टरांची चांगलीच बोलणी खाल्ली, कारण अर्धवट उपचारांनंतर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा बिघडतात.

धाकट्याचं उलट. ताप वर्षात जेमतेम दोनदा, पण रात्री घोरायचा आणि मध्येच श्वास अडकायचा. तिथे आकडे मोजत बसायचं नसतं. त्याचं ऑपरेशन झालं. तुमचा मुलगा झोपेत कसा श्वास घेतो, ते आज रात्रीच बघा. ऑपरेशननंतर घशात पांढरट खपली दिसते, ती पू नव्हे. रक्त दिसलं तर मात्र थेट हॉस्पिटल, आठवडा उलटून गेला असला तरी.

आणि लाळ गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल, श्वासाला त्रास होत असेल, तर सकाळची वाट बघू नका.

आईस्क्रीमचं म्हणाल तर ऑपरेशननंतर डॉक्टरांनीच द्यायला सांगितलं. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.