फेस आला म्हणजे जखम साफ झाली का?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत, वीस वर्षांपासून मधुमेह आहे. डाव्या पायाच्या तळव्याला अंगठ्याखाली चार महिन्यांपासून जखम आहे, दुखत मात्र नाही. मी रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस थांबेपर्यंत धुते, तरी वरचा पिवळा थर जात नाही. डॉक्टर तो कापून काढायचा म्हणतात. बाबा घाबरलेत. शेजारी सांगतात, उघडी ठेवा, वाळेल. काय करू? – एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, आधी ती पेरॉक्साइडची बाटली बाजूला ठेवा. सर्जिकल वॉर्डात एकतीस वर्षं ड्रेसिंगं केली, त्यात सुरुवातीची काही वर्षं मीही हेच ओतत होते, म्हणून कळकळीने सांगते. आपल्या रक्तात आणि पेशींतच एक एन्झाइम असतं, ते या औषधाला लागलं की फेस येतो. जखम स्वच्छ असली तरी येतो. म्हणजे फेस थांबायची वाट बघताना नवं येणारं मांसही तुम्ही रोज जाळताय. स्पिरिट आणि डेटॉलचंही तेच.

धुवायला सलाइन पुरे. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा साधारण दीड सपाट चमचा, घालून दहा मिनिटं उकळा, झाकून कोमट होऊ द्या आणि उरलेलं त्याच दिवशी टाकून द्या. सुई न लावलेल्या वीस मिलीच्या सिरिंजने हलकी धार सोडा. जुनं गॉज चिकटलं असेल तर ओढू नका, भिजवून सुटू द्या. कोरडं गॉज खसकन ओढलं की त्याला लागून डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल मांस येतं, आणि तेच तर आपल्याला वाढवायचं असतं.

पिवळा चिकट थर म्हणजे मेलेलं मांस. जंतू त्याच्या आडोशाला राहतात, धुऊन तो निघत नाही. सर्जन चिमटा-ब्लेडने तो काढतात, कडेचा जाड घट्टाही तासतात. मधुमेहामुळे बाबांच्या पायाची संवेदना गेली असेल, तर फारसं दुखणारही नाही. जखम नंतर आधीपेक्षा मोठी दिसेल आणि थोडं रक्त येईल. ते पाहून कितीतरी नातेवाईक माझ्यावर ओरडले आहेत. पण रक्त येणारं मांस जिवंत असतं. कापण्याआधी मात्र पायाची नाडी, म्हणजे रक्तपुरवठा, तपासला का, हे जरूर विचारा. रक्त पोचत नसेल तर कोरडी काळी खपली आधी छेडायची नसते. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा.

कापणं शक्यच नसेल तर हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारं जेल, लावून झाकतात, ओलाव्यात मेलेलं मांस आपोआप सुटतं. पपईतल्या पेपेनचं मलमही असतं. दोन्हींना वेळ लागतो, आणि कच्च्या पपईचा चीक घरी लावायचा नाही. हळद, कॉफी पावडरही नको. उघडी ठेवून वाळवणंही नको, नवी कातडी ओलसर पृष्ठभागावरून सरकते.

आता तुम्ही न विचारलेलं, पण माझ्या लेखी सगळ्यात मोठं. बाबा त्या पायावर चालतात का? १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम केलं. पायावरचा दाब काढला, प्लास्टरमध्ये पाय सांभाळला, की चिघळलेल्या जखमा भरून येत, हे त्यांनी दाखवलं. तळव्याची जखम कितीही छान साफ केली आणि बाबा त्याच पायावर दहा वेळा मोरीपर्यंत गेले, तर ती रोज चिरडली जाते. दाब काढणारं प्लास्टर किंवा खास चप्पल यांबद्दल डॉक्टरांना विचारा. साखर आटोक्यात हवीच.

दर रविवारी जखमेशेजारी पट्टी धरून फोटो काढा. चार आठवड्यांत आकार निम्म्यावर आला नाही, तर उपचार बदलायला सांगा. ताप आला, लाली वर चढू लागली, वास सुटला किंवा बोट काळं पडलं, तर रविवारचीही वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.