क्रोएशियाचे माजी पंतप्रधान इवो सानादेर यांना एकदा शिक्षा झाली, मग ती रद्द झाली, मग पुन्हा झाली. नेमकं काय घडलं?

गोंधळ होतो कारण खटला एक नाही, अनेक आहेत.

सानादेर २००३ ते २००९ पंतप्रधान होते. जुलै २००९ मध्ये त्यांनी अचानक राजीनामा दिला. डिसेंबर २०१० मध्ये संसद त्यांचं खटल्यापासूनचं संरक्षण काढून घेणार त्याच दिवशी त्यांनी देश सोडला आणि दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रियात त्यांना अटक झाली.

२०१२ मध्ये ऑस्ट्रियाची हायपो बँक आणि इना-मोल या दोन प्रकरणांत मिळून १० वर्षांची शिक्षा लागली. दुसऱ्यात आरोप असा, की इना या तेल कंपनीवरचं नियंत्रण हंगेरीच्या मोलकडे जावं म्हणून सानादेरांना १ कोटी युरोंची लाच द्यायचं ठरलं. मोलने हे कायम नाकारलं. २०१५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने हा निकाल रद्द केला. ही निर्दोष सुटका नव्हती, खटला पुन्हा चालवायचा होता. लोक नेमके इथेच चुकतात. फेरखटल्यात इना-मोलसाठी ६ वर्षं लागली आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

त्याआधी २०१९ मध्ये मात्र ते पुन्हा तुरुंगात गेले, तेही वेगळ्याच प्रकरणात: झाग्रेबमधली प्लानिन्स्का रस्त्यावरची इमारत सरकारने फुगवलेल्या किमतीला घेतली होती.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं प्रकरण फिमी-मीडिया. सरकारी कंपन्यांचा पैसा एका जाहिरात संस्थेमार्फत बाहेर काढला गेला, आणि त्यात सानादेरांबरोबर त्यांचा पक्ष एचडीझेडही दोषी ठरला.