सरकारने गुन्हे मागे घेतले म्हणे, मग कोर्टाचं समन्स कसं आलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१८च्या एका रास्ता रोकोत तुमच्यासह तीसेक जणांवर गुन्हा दाखल झाला. पुढे मंत्र्यांनी 'आंदोलकांवरचे सर्व गुन्हे मागे' असं जाहीर केलं. आता समन्स हातात आहे. तारखेला जायचं की नाही, आणि सरकारच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?

जायचं. वर्तमानपत्राचं कात्रण न्यायाधीश बघत नाहीत. तुम्ही गैरहजर राहिलात तर बिनजामिनी वॉरंट निघू शकतं, आणि मग साध्या जमावबंदीच्या केससाठी अटक आणि जामीनदार शोधण्याची पाळी येते. खरंच जमणार नसेल तर वकिलामार्फत त्या तारखेपुरता गैरहजेरी माफीचा अर्ज द्या.

आता मूळ मुद्दा. खटला मागे घेण्याचा अधिकार मंत्रिमंडळाला नाही, गृहखात्यालाही नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ नुसार तो त्या खटल्याच्या सरकारी वकिलाला आहे, तोही न्यायालयाच्या संमतीने आणि निकाल लागायच्या आत. १ जुलै २०२४ पासून त्याच जागी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६० आलं. तुमचा खटला त्याआधीपासून प्रलंबित असेल तर साधारणपणे जुनंच कलम चालेल. नव्यात एक महत्त्वाची भर आहे: पीडिताला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय न्यायालयाला संमती देता येत नाही. दगड लागून जखमी झालेला एसटीचा ड्रायव्हर हाही पीडितच.

म्हणजे मंत्र्यांची घोषणा ही कायद्याच्या भाषेत फक्त शिफारस. ती कोर्टाच्या टेबलापर्यंत पोचायला बरीच वळणं घेते. गृहविभागाचा शासन निर्णय निघतो, त्यात दोषारोपपत्राची शेवटची तारीख आणि अटी असतात. राजकीय-सामाजिक आंदोलनांच्या निर्णयांत नेहमी दिसणाऱ्या दोन अटी म्हणजे जीवितहानी नसावी आणि मालमत्तेचं नुकसान ५ लाखांच्या आत असावं. मग स्थानिक समिती पोलीस ठाण्यांकडून याद्या मागवते, एकेक प्रकरण तपासते आणि सरकारी वकिलाला कळवते. यादीत गुन्हा क्रमांक चुकला, वर्ष चुकलं, एकाच आंदोलनाचे दोन ठाण्यांत दोन गुन्हे असून एकच लिहिला गेला, की तुमचं प्रकरण तिथेच राहिलं. घोषणा आणि समन्स एकाच वेळी खरे असतात ते असे.

नुकसानीचा आकडा कुठून येतो हेही बघा. तो पंचनाम्यातून येतो. चार बसच्या काचा, एक जळालेलं टायर आणि 'अंदाजे' हा शब्द. मूल्यांकन कोणी केलं, पावत्या जोडल्यात का, हे दोषारोपपत्राच्या नकलेत तपासा. साडेपाच लाखांचा अंदाज साडेचारचा निघाला तर तुम्ही अटीत बसता.

दुसरी अडचण कलमांची. भारतीय दंड विधानाची (भादंवि) ३४१ (वाट अडवणं), १४३ (बेकायदा जमाव) व १८८ (सरकारी आदेश मोडणं) ही कलमं आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७ व १३५ (जमावबंदी मोडणं) एवढंच असेल तर मामला हलका. १८८ बाबत तर दंडाधिकाऱ्याला दखल घ्यायला संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार लागते, पोलिसांचं दोषारोपपत्र पुरत नाही. हा मुद्दा वकिलाने लगेच काढायला हवा, माघारीची वाट न बघता. पण ३५३ (सरकारी नोकराला कामात अडवण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर) लागलं असेल तर गोष्ट वेगळी. राज्याने २०१८ मध्ये दुरुस्ती करून या कलमाची शिक्षा ५ वर्षांपर्यंत वाढवली आणि खटला सत्र न्यायालयात नेला. एका हाताने कलम कडक करायचं आणि दुसऱ्या हाताने त्याच कलमाखालचे खटले मागे घ्यायचे, हे आपल्याकडे सगळ्याच पक्षांना जमतं.

तिसरी, रेल रोको. रुळावर बसलात आणि गुन्हा रेल्वे अधिनियमाच्या कलम १७४ (गाडी अडवणं) खाली आरपीएफने, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाने, नोंदवला, तर राज्याच्या शासन निर्णयाचा उपयोग नाही. केंद्राची अखत्यारी किंवा केंद्राची मालमत्ता आली की सरकारी वकिलाला केंद्राची परवानगी लागते. म्हणून रस्त्यावर बसलेला सुटतो आणि स्टेशनात बसलेला वर्षानुवर्षं तारखा करतो.

आता न्यायालय. अर्ज आला म्हणून मंजूर झाला असं नाही. शिवनंदन पासवान प्रकरणात (१९८७) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की न्यायालयाने पुरावा पुन्हा तोलायचा नाही, पण सरकारी वकिलाने स्वतः विचार केला का आणि हेतू सार्वजनिक हिताचा आहे का, हे बघायचं. 'शासनाच्या निर्देशानुसार खटला मागे घेण्यात येत आहे' असा एका ओळीचा अर्ज इथेच पडतो. त्यात आंदोलनाचं स्वरूप, नुकसान, जखमी, भरपाई झाली का, आता शांतता आहे का, हे लिहिलेलं हवं.

दोन टोकं बघा. समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस यांच्यावरचा आणीबाणीतला बडोदा डायनामाइट (स्फोटकांच्या कटाचा) खटला १९७७च्या सत्तांतरानंतर मागे घेतला गेला आणि १९८०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला: व्यापक सार्वजनिक हितात राजकीय कारणही येऊ शकतं. उलट केरळ विधानसभेत १३ मार्च २०१५ रोजी अर्थसंकल्पाच्या वेळी आमदारांनी घातलेल्या गोंधळात सुमारे २ लाख २० हजारांचं नुकसान झालं. पुढे खुद्द राज्य सरकारला खटला मागे घ्यायचा होता, तरी दंडाधिकारी, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय अशा तिन्ही पायऱ्यांवर नकार मिळाला. २८ जुलै २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सभागृहाचे विशेषाधिकार मोडतोडीला लागू नाहीत. रक्कम आपल्या ५ लाखांच्या मर्यादेपेक्षा कमीच होती, हे लक्षात घ्या.

त्यानंतर १० ऑगस्ट २०२१ चा आदेश आला: आजी-माजी आमदार-खासदारांवरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही. याचा फटका कार्यकर्त्यांना बसू शकतो. मोर्च्यात पुढे उभे असलेले साहेब आरोपी क्रमांक १, आणि तुम्ही क्रमांक २३. परवानगी साहेबांपुरती लागते, पण सरकारी वकील सगळ्यांचाच अर्ज तोवर बाजूला ठेवू शकतात. अशा वेळी आपल्यापुरता वेगळा अर्ज करावा म्हणून लेखी विनंती द्या. समितीकडे आणि सरकारी वकिलाकडे, दोन्हीकडे, पोच घेऊन.

सरकारी वकील वेगळा विचार करू शकतात का, असा संशय रास्त आहे. पूर्वी सहायक सरकारी वकील आपल्याकडे पोलीस खात्याच्याच ताब्यात होते. १९९५ मध्ये एस. बी. शहाणे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला ते वेगळे करायला सांगितलं. आता ते अभियोग संचालनालयाखाली आहेत, आणि संचालनालय गृहविभागाखाली. अंतर पडलं, दोरी तीच राहिली. तरी न्यायाधीशासमोर अर्जावर सही वकिलाची असते, मंत्र्याची नाही, आणि प्रश्नही त्यालाच विचारले जातात.

म्हणून तुम्ही आज काय करायचं: समन्सवरचा केस नंबर घ्या, बहुधा आरसीसी किंवा एससीसी (खटल्याच्या प्रकाराची लघुरूपं) अशी सुरुवात असेल. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर टाकून सीएनआर नंबर (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक), कलमं आणि मागच्या तारखांना काय झालं ते बघा. शासन निर्णयाची प्रत मिळवून तुमच्या दोषारोपपत्राची तारीख त्यातल्या मुदतीशी ताडा. मुदतीच्या बाहेर असाल तर पुढच्या घोषणेची वाट बघत बसू नका, केस लढवा.

आणि अर्ज मंजूर झाला तर आदेश नीट वाचा. आरोप निश्चित होण्याआधी मंजूर झाला तर तुम्ही दोषमुक्त, नंतर झाला तर निर्दोष सुटका. दुसरं जास्त पक्कं, कारण त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. प्रमाणित नक्कल काढून एक प्रत पोलीस ठाण्यात द्या, नाहीतर पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या पडताळणीत तिथल्या संगणकावर तुमच्या नावापुढे 'न्यायप्रविष्ट' तसंच दिसत राहील.