कॅमल शिकतोयस, तर अडलेल्या मेसेजकडे आधी बघ

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मेसेज पोचवायला अपाची कॅमल निवडलंस ते बरं केलंस. २००७ पासूनचं ओपन सोर्स आहे, पैसे पडत नाहीत. कॅमल ४ घेणार असशील तर कमीत कमी जावा १७ लागतं, तेवढं तपास. 'फ्रॉम' (कुठून) आणि 'टू' (कुठे) लिहून रूट, म्हणजे मेसेजची वाट, चालू करणं दोन दिवसांत जमेल. खरा वेळ न पोचलेल्या मेसेजला दे. कॅमल आपणहून पुन्हा प्रयत्न करत नाही. रीडिलिव्हरी, म्हणजे मेसेज पुन्हा पाठवणं, किती वेळा, किती अंतरानं, हे तूच सांगायचं. तरीही अडलेला मेसेज डेड लेटर क्यूमध्ये, म्हणजे न पोचलेल्या मेसेजच्या वेगळ्या रांगेत, टाक, म्हणजे हरवत नाही.

सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानाचं काम करताना मी इथंच अडकलो. सौद्याची नोंद बिलिंगमधून हिशोबाच्या सॉफ्टवेअरला जायची. मध्येच नेट गेलं, पोचपावती आली नाही, मेसेज पुन्हा गेला आणि एका शेतकऱ्याची ४० पोत्यांची पट्टी दोनदा पडली. रात्री अकरापर्यंत आम्ही वह्या जुळवत होतो. फार वाईट वाटलं मला. तेव्हापासून सौदा नंबरावर आयडेम्पोटंट कन्झ्युमर लावतोच. तोच नंबर परत आला की तो गाळला जातो. फक्त आलेल्या नंबरांची यादी मेमरीत ठेवू नकोस, सर्व्हर रीस्टार्ट झाला की पुसली जाते. डेटाबेसमध्ये ठेव.

अडलास तर रूटचा कोड आणि लॉग दोन्ही पाठव, बघू.